पिशवीखालची पिशवी: रक्त मोजायचा ड्रेप, सव्वा वर्ष वापरून

आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत जावं. बाळंतपणानंतर बाईचं किती रक्त गेलं ते मोजायच्या नुसत्या ड्रेपला पाचपैकी साडेतीन. ड्रेप आणि त्याच्यासोबतचं सगळं काम एकत्र धरलं तर पाचपैकी पाच. आणि ड्रेप आणून कपाटात ठेवला, किंवा लावला आणि नुसतं बघत बसलात, तर शून्य, त्यापेक्षा तेवढ्या पैशात लेबर रूमला नवीन मेणकापड घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या अंगाला असलेल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी लेबर रूममध्येच. आमच्याकडे येणाऱ्या बाया म्हणजे तांड्यावरच्या, कोलामांच्या पोडावरच्या (म्हणजे वस्तीवरच्या), कापूस वेचता वेचता कळा सुरू झाल्या म्हणून आशाताईसोबत थेट वावरातून आलेल्यासुद्धा. ब्लड बँक इथे नाही. रक्त लागलं की गाडी करा आणि जिल्ह्याला पळा. हे आधीच सांगते कारण मोठ्या शहरातल्या सिस्टरला हे सगळं वाचून वाटेल की एका प्लास्टिकच्या तुकड्याचं एवढं काय कौतुक.

तर वस्तू काय आहे. जाड, आरपार दिसणारं प्लास्टिक. वरचा रुंद भाग बाळंतिणीच्या ढुंगणाखाली सरकवायचा, दोन पट्ट्या कंबरेला बांधायच्या, आणि खाली निमुळता होत गेलेला खिसा टेबलाच्या टोकाला लोंबत राहतो. त्या खिशावर आडव्या रेघा आणि आकडे. आमच्याकडच्यावर ३०० एमएलला पिवळी रेघ आहे आणि ५०० ला लाल. बस. ना बॅटरी, ना चार्जिंग, ना ॲप.

नावाचा घोळ मात्र पहिल्याच आठवड्यात झाला. आपल्याकडे बायांमध्ये पिशवी म्हटलं की गर्भाची पिशवीच. "तिची पिशवी काढली" म्हणजे काय ते कोणाला सांगावं लागत नाही. आणि मी आपली सवयीने ओरडले, "मावशी, पिशवी लावा लवकर!" दाराबाहेर पोरीची आई उभी, ती तशीच आत घुसली, "काहून वो सिस्टर, पिशवी बाहेर आली काय?" तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेव्हापासून आम्ही ड्रेप म्हणतो आणि पिशवी हा शब्द फक्त पोटातल्या पिशवीसाठी ठेवलाय, कारण एका वेळी दोन पिशव्यांची भाषा चालली की नवीन आलेली जीएनएमची (नर्सिंगची) पोरगी पण गोंधळते.

आता आधी आम्ही काय करत होतो ते कबूल करते. बाळंतपण झालं, वार पडली, खाली किडनी ट्रे, मेणकापडावर साचलेलं, बादलीत गेलेलं, धुडक्यांनी पुसलेलं, हे सगळं एका नजरेत बघायचं आणि केस पेपरवर लिहायचं "ब्लड लॉस २०० एमएल". पहिलटकरीण असो की पाचवी खेप, चाळीस किलोची असो की सत्तरची, २०० च. जरा जास्त वाटलं तर २५०. मी स्वतः अशी शेकड्याने लिहिली असतील. कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही.

एक केस आहे जी मला अजून आठवते. ठिकाण सांगत नाही, आता मी तिथे नाही. बाळंतपण सोपं झालं, बाळ रडलं, सगळे खूश, मी २५० लिहिलं आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले कारण तिथे डोकं दिसत होतं. दीड-दोन तासांनी तिची सासू म्हणाली की सून बोलत नाही नीट. नाडी १४० च्या घरात. चादर वरून जवळपास कोरडी होती आणि तिला कुशीवर केलं तर मेणकापडाच्या खालून गादीपर्यंत सगळं भिजलेलं, रक्त कडेने आत शिरून गादी पीत बसली होती. १०८ बोलावली, जिल्ह्याला नेलं, रक्ताच्या पिशव्या चढल्या, ती वाचली. पण तिच्या केस पेपरवर माझ्या अक्षरात २५० लिहिलेलं होतं आणि तो कागद तिच्यासोबत गाडीत गेला. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तो वाचला असेल ना, काय म्हणाले असतील, हे मी कितीदा तरी मनात घोळवलंय.

ड्रेप आल्यावर आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःचीच परीक्षा. धुळवडीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवला, मोजपात्राने मोजून थोडं मेणकापडावर, थोडं कापसाच्या पॅडवर, थोडं ट्रेमध्ये, थोडं फरशीवर ओतलं. ओतणारी एकच, बाकी सगळ्या बाहेर. मग एकेक जण आत येऊन चिठ्ठीवर आकडा लिहायचा. ओतलं होतं ६००. नवीन पोरीने ४०० लिहिलं. एमओ सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, ४५०. मी, एकोणीस वर्षांची अनुभवी, ३५०. मी हसण्यावारी नेलं पण रात्री झोप आली नाही ही खरी गोष्ट आहे.

मग कळलं की हे आमच्याच डोळ्यांचं नाही. हा ड्रेप मुळात जिथे पहिल्यांदा मोठ्या अभ्यासात वापरला गेला ते बेळगाव! मला वाटायचं हे अमेरिकेतलं काहीतरी आहे. बेळगाव आणि आसपासच्या खेड्यांत एएनएम सिस्टरांकडून एक अभ्यास झाला होता, बाळंतपणानंतर मिझोप्रोस्टची गोळी तोंडाने दिली तर रक्त जाणं कमी होतं का हे बघायला. १६२० बाया, निकाल २००६ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला, जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर. आता खेड्यात रक्त मोजायचं कशाने, म्हणून तिथल्या कॉलेजच्या लोकांनी अमेरिकेतल्या जोडीदारांसोबत हा खिसेवाला ड्रेप तयार केला. आणि त्याच सुमारास डोळ्याचा अंदाज आणि ड्रेपचं माप शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर डोळा सुमारे ३३ टक्के कमी सांगत होता. माझं ६०० चं ३५० म्हणजे त्याहून वाईट, पण असो.

मग एवढी वर्षं हा ड्रेप आपल्याकडे का नव्हता, हा प्रश्न मला पण पडला. त्याचं एक उत्तर मजेशीर आहे. युरोपातल्या १३ देशांत अशीच रक्त जमा करायची पिशवी लावून बघितली होती, २५ हजारांवर बाळंतपणं, २०१० साली छापून आलं. काही ठिकाणी पिशवी, काही ठिकाणी नेहमीसारखा डोळ्याचा अंदाज. फरक? जवळपास नाहीच. फार जास्त रक्त जाणाऱ्या बायांचं प्रमाण पिशवीवाल्या ठिकाणी १.७ टक्के आणि बिनपिशवीवाल्या ठिकाणी २.१, म्हणजे पिशवीमुळेच फरक पडला असं छातीठोक म्हणता येईल असं काही हाती लागलं नाही. नुसतं मोजून काय होणार हो. घरात विजेचं मीटर लावलं म्हणून बिल कमी येत नाही, बटण बंद करायला उठावं लागतं.

ती उठण्याची गोष्ट २०२३ च्या मे महिन्यात आली. ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, चार देश, ८० हॉस्पिटलं घेतली, दोन लाखांवर बाळंतपणं. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ज्या हॉस्पिटलांत नेहमीची पद्धत चालू ठेवली तिथे पण ड्रेप होताच, फक्त त्याच्यावर रेघा नव्हत्या, रक्त साठवून नंतर वजन करायचं. दुसऱ्या हॉस्पिटलांत रेघावाला ड्रेप आणि रेघ ओलांडली की काय काय करायचं त्याचं एक बांधलेलं गाठोडं. पोटावरून पिशवीला मसाज, पिशवी आकसवायचं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायचं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन, आणि खालून नीट तपासणी करून गरज असेल तर मोठ्या डॉक्टरला हाक. हे सगळं एकामागून एक नाही, एकदम. आधी एक करा, पंधरा मिनिटं थांबा, जमलं नाही तर दुसरं, हे आम्ही शिकलेलं सगळं चुलीत.

निकाल असा, की १००० एमएलच्या वर रक्त जाणं किंवा ते थांबवायला पोट उघडावं लागणं किंवा त्यानेच बाई दगावणं, हे तिन्ही धरून नेहमीच्या हॉस्पिटलांत शंभरात ४.३ आणि रेघा-गाठोडंवाल्या हॉस्पिटलांत १.६. म्हणजे ६० टक्क्यांनी कमी. पण माझ्या मते खरा आकडा हा नाही. खरा आकडा हा की नेहमीच्या हॉस्पिटलांत जास्त रक्त जाणाऱ्या बायांपैकी निम्म्याच बाया वेळेवर ओळखल्या गेल्या, ५१ टक्के, आणि रेघावाल्या ठिकाणी ९३. उपचारांचं पूर्ण गाठोडं एकीकडे १९ टक्के बायांना मिळालं, दुसरीकडे ९१. औषधं दोन्हीकडे होती, सिस्टर दोन्हीकडे होत्या. उशीर रक्त दिसायलाच होत होता. गादी पीत बसली होती ना, तेच.

आता प्रत्यक्ष. मागच्या सप्टेंबरची रात्र, पाऊस असा की पोडावरून येणाऱ्या नाल्याला पूर, बाई चार तास अडकून मग आली. दुसरी खेप. आल्यावर अर्ध्या तासात मोकळी झाली, बाळ चांगलं २ किलो ९००, ऑक्सिटोसिन मिनिटाच्या आत दिलं, नाळ लगेच कापली नाही, थांबलो, वार पण नीट पडली. बाळ बाहेर आल्याबरोबर ड्रेप खाली सरकवलेला होता. मी बाळाला आईच्या छातीवर ठेवून पाठमोरी झाले आणि वीस-बावीस मिनिटांनी मावशी म्हणते, "ताई, पिवळीपाशी आलं." तिला वाचता येत नाही फारसं पण रंग कळतो, आणि खरं सांगू, त्या रात्री मला पण रंगच कळला. नाडी १०८, बीपी १०० वर ६०. नाडी वरच्या बीपीपेक्षा जास्त, हे काही चांगलं लक्षण नाही.

पोटावर हात ठेवला तर पिशवी नारळासारखी घट्ट! आता आधीची मी असते तर म्हटलं असतं की पिशवी आकसली आहे ना, मग चालू आहे थोडं, होईल बंद. पण रेघ तिथे आहे आणि ती हळूहळू बुडत चाललीय. नवीन पोरीने सलाईन लावलं, ट्रॅनेक्झामिक एक ग्रॅम हळूहळू दहा मिनिटांत, मी लघवीची नळी टाकली तर भरपूर लघवी, आणि मग सरांनी लाईट धरून आत बघितलं तर वरच्या बाजूला डावीकडे फाटलेलं, तिथून सतत झिरपत होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. टाके घातले. तासाभराने खिशात ६४० होतं. मसाज करत बसलो असतो तर ते टाके कधी पडले असते देव जाणे. म्हणून त्या गाठोड्यातल्या शेवटच्या कामाला, तपासणीला, मी सगळ्यात जास्त मार्क देते, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण लाईट धड नसतो, बाई दुखतं म्हणून पाय आवळते, आणि आपल्यालाही घाई असते.

३०० का ५०० यावर आमच्याकडे वाद झाला होता. पुस्तकात ५०० पाठ केलेलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूएचओने जगभरच्या डॉक्टर आणि मिडवाईफ संघटनांसोबत नवीन गाईडलाईन काढली त्यात हेच आलं की ड्रेपने मोजा, आणि ३०० झालं असेल आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल तर ५०० ची वाट बघू नका. मला हे आपल्या बायांसाठी फार पटलं. आमच्याकडे हिमोग्लोबिन साडेसात, आठ असलेली बाई रोजची. देशातच १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्त कमी आहे असं सरकारचा कुटुंब आरोग्य सर्व्हे, एनएफएचएस पाच, सांगतो, आणि विदर्भात तर वरून सिकलसेल. चाळीस किलोच्या, आठ हिमोग्लोबिनच्या बाईचं ५०० आणि नागपूरच्या खात्यापित्या घरच्या सुनेचं ५०० एकच कसं असेल?

यावर आमच्या एका सिस्टरने डोकं लढवलं की मग रक्त कमी असलेल्या सगळ्यांनाच आधीच ट्रॅनेक्झामिक देऊन टाकू ना, जाण्याआधीच थांबेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण नेमकं हेच करून बघितलंय, पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या १५ हजार रक्त कमी असलेल्या बायांवर, २०२३ ला निकाल आला, आणि फायदा झाला नाही. रक्त जायला लागल्यावर दिलं तर मात्र फायदा आहे, तो आधीच्या २० हजार बायांच्या अभ्यासात २०१७ ला दिसला होता, तोही तीन तासांच्या आत दिलं तरच. आणि जेवढा उशीर तेवढा फायदा कमी, दर पंधरा मिनिटांना दहा टक्के. म्हणजे तेच औषध, तीच बाई, घड्याळ बदललं की उत्तर बदललं. त्यामुळे माझं म्हणणं असं की आपल्याला जे "बरोबर वाटतं" त्याच्यावर भरवसा ठेवायचा तर आधी माझी ती ३५० ची चिठ्ठी आठवा.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही.

सगळ्यात मोठी तक्रार रेघांची. आम्हाला दोन वेगवेगळ्या सप्लायरकडून माल आला. पहिल्या लॉटच्या रेघा ठसठशीत होत्या, दुसऱ्या लॉटच्या फिकट निळ्या, आणि ओल्या हातमोज्याने दोनदा पुसलं की आकडा गायब. अरे, ज्या वस्तूचं सगळं मोल एका रेघेत आहे तिची रेघच पुसली जाते! मग तर तो आफ्रिकेतल्या नेहमीच्या पद्धतीच्या हॉस्पिटलांतला बिनरेघेचा ड्रेप झाला. आम्ही एक नमुना घेतला, मोजून ५०० पाणी ओतलं, तर पाणी रेघेच्या बरंच वर गेलं. म्हणजे रेघ पण चुकीच्या जागी. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधला एक ड्रेप पाणी ओतून तपासतो, आणि तुम्ही पण करा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी तक्रार पाण्याची, म्हणजे गर्भजलाची. ड्रेप आधीच लावून ठेवला तर पाणमोट फुटल्यावर ते पाणी, लघवी, सगळं खिशात, आणि मग ८०० चा आकडा बघून नवीन पोरगी रडायला लागते. बाळ बाहेर आल्यावर, पाणी निघून गेल्यावरच लावायचा. हे कोणत्याही पाकिटावर ठळक लिहिलेलं मी बघितलं नाही. आणि ड्रेपच्या बाहेर जे पॅड आणि गॉज भिजतात ते वजनकाट्यावर टाकायचे, कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅमला साधारण एक एमएल. आमचा काटा बाळाच्या वजनाचा नाही हं, किचनचा साधा काटा वेगळा घेतलाय.

तिसरी गोष्ट, उन्हाळा. मे महिन्यात इकडे ४५-४६ असतं, लाईट गेली की लेबर रूम म्हणजे भट्टी, आणि ते प्लास्टिक बाईच्या पाठीला चिकटतं. बाया चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. खाली सुती कापड घालून बघितलं तर ते रक्त पितं आणि माप चुकतं. यावर माझ्याकडे उपाय नाही, तासभर सहन करायला सांगतो आणि पंखा नाहीतर पुठ्ठ्याने वारा घालतो. उन्हाचा विषय निघाला म्हणून ऑक्सिटोसिनचं पण सांगते, ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, आणि ड्रेप कितीही भारी असला तरी फ्रिजमधलं ऑक्सिटोसिन लोडशेडिंगमध्ये गरम होऊन बसलं असेल तर गाठोड्यातलं मुख्य औषधच पाण्यासारखं. आम्ही बर्फाच्या गोळ्यांचा डबा ठेवतो सोबत. गरमीत टिकणारं कार्बेटोसिन नावाचं इंजेक्शन आहे, दहा देशांत ३० हजारांच्या आसपास बायांवर बघितलं, त्यात भारत पण होता, २०१८ ला आलं, रक्त जाऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनच्या तोडीचं निघालं. आमच्या कपाटात अजून आलेलं नाही.

चौथी, उकिडवं बसून किंवा कुशीवर बाळंत होणाऱ्या बायांची. कोलाम बाया पुष्कळदा टेबलावर झोपायला तयार नसतात आणि हल्लीच्या गाईडलाईन पण सांगतात की बाईला जसं बरं वाटतं तसं होऊ द्या. ड्रेपमुळे मात्र आमच्यातल्या काही जणी पुन्हा "झोपा, पाय वर करा" वर आल्या, कारण खिसा लोंबायला टेबल लागतो. हे उलटं झालं. मोजायची सोय आपली आणि त्रास बाईला? आम्ही आता बाळ येईपर्यंत बाईला हवं तसं बसू देतो, मग टेकवतो आणि ड्रेप सरकवतो. एक-दोन मिनिटांचं रक्त सुटतं मापातून, सुटू दे.

आणि घरच्यांचा संशय! खिशात साचलेलं रक्त आरपार दिसतं ना. आधी ते बादलीत, फरशीवर, कोणाला कळायचं नाही. आता सासूला समोर लाल खिसा लोंबताना दिसतो. एक आजी सरळ म्हणाली, "इतलं रक्त गेलं माया पोरीचं, अन् हे जमा करून कोणाले इकता?" मी आधी चिडले, मग तिला जवळ बोलावलं, पिवळी रेघ दाखवली, म्हटलं, आजी, इथवर आलं की मला हाक मारा. ती तासभर डोळे लावून बसली. त्यानंतर आम्ही प्रत्येक नातेवाईक बाईला रेघ दाखवतोच, आणि त्याचा फायदा असा की रात्री दोघीच ड्युटीवर असताना तिसरे डोळे मिळतात, तेही ज्यांना झोप येणार नाही असे.

एक आक्षेप साहेब लोकांकडून येतो, की हे आफ्रिकेतलं आहे, आपल्याला कशाला. हे ऐकून मला हसू येतं, कारण ड्रेप बेळगावचा. आणि आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीतलं काम किती लांब गेलं ते विसरलात काय? डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात मृत्यू दुसऱ्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला ते लॅन्सेटमध्ये आलं, आणि आज आमच्या आशाताई ४२ दिवस घरभेटी देतात ते त्यातूनच. तेव्हा कोणी दिल्लीत म्हटलं असतं की हे गडचिरोलीतलं आहे, आपल्याला कशाला, तर? हां, एक आक्षेप मात्र मला पटतो. ई-मोटिव्हमधली हॉस्पिटलं सिझरची सोय असलेली होती. आमच्याकडे सिझरला भूलतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात. म्हणजे गाठोड्यातलं "मोठ्या डॉक्टरला हाक" हे आमच्यासाठी "गाडीला हाक" आहे, आणि गाडीला रस्ता लागतो, नाल्याला पूर नसावा लागतो. म्हणून आम्ही पिवळ्या रेघेलाच १०८ ला फोन करून ठेवतो, थांबलं तर परत पाठवतो. ड्रायव्हर दोनदा रागावले. रागावू देत.

घ्यायचाच असेल तर तीन-चार गोष्टी बघा, पट्ट्या कापडी आहेत की प्लास्टिकच्या (प्लास्टिकच्या तुटतात), खिशाचं तोंड पूर्ण उघडतं का, रेघा आतून छापल्यात की बाहेरून, आणि खालचं टोक गळतं का. किंमत सप्लायरप्रमाणे बदलते म्हणून लिहीत नाही. धुवून परत वापरू नका, मला माहीत आहे कुठे कुठे धुतात, दोरीवर वाळत घातलेले मी स्वतः बघितलेत, एकदा वापरायची वस्तू आहे ती. स्टॉक कमी असेल तर मोजायला वजनकाटा आहेच, तो ड्रेपइतका झटपट नाही पण आपल्या डोळ्यांपेक्षा हजारपट बरा.

केस पेपरवर आता २०० लिहायची सवय गेली. मागच्या महिन्यात १३०, ४१०, २७५, ९०, असे आकडे आहेत, ओळीने वेगवेगळे, आणि ते बघून ऑडिटला आलेल्या मॅडमनी विचारलं की तुमच्याकडे एवढं ब्लीडिंग का वाढलं? काय उत्तर द्यायचं यांना.

सध्या कपाटात नऊ ड्रेप उरलेत, सगळे फिकट रेघेवाले. इंडेंट, म्हणजे नवीन मालाची मागणी, दोनदा गेलाय. तोवर मी काळा परमनंट मार्कर आपल्या पैशाने आणलाय, ड्युटीवर आले की पाणी ओतून तपासलेल्या नमुन्यावर एकेक ड्रेप ठेवून ३०० आणि ५०० ला जाड रेघ ओढते, आणि मार्कर ॲप्रनच्या खिशातच ठेवते कारण टेबलावर ठेवला की कोणीतरी घेऊन जातं.